ईथर, आर्वी आणि व्हीलॅन

या शनिवारचा विषय जरा टेक्निकल आहे. पण लगेच टॅब बंद करू नका, मी यात जुन्नर-आंबेगावचं पाणी, जत्रेतले कर्णे आणि थोडं आकाशही घालणार आहे.

मी एका कंपनीत नेटवर्कचं काम बघतो. आमच्या धंद्यात रोज वापरला जाणारा आणि तरीही अर्ध्या लोकांना नीट न कळलेला शब्द म्हणजे व्हीलॅन, अर्थात व्हर्च्युअल लोकल एरिया नेटवर्क. इंटरव्ह्यूमध्ये व्याख्या सगळे धडाधड सांगतात. "हे मुळात का शोधावं लागलं?" असं विचारलं की शांतता. दोष पोरांचा नाही. आपल्याकडे इंजिनिअरिंगला प्रोटोकॉल शिकवतात, त्याचा इतिहास शिकवत नाहीत. आणि इतिहास कळला नाही तर ही सगळी नुसती आकडेमोड वाटते.

तर सुरुवात १९७१ सालापासून करू.

त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. पहिली हवाई बेटांवर. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन नावाचे प्राध्यापक होते. वेगवेगळ्या बेटांवरचे टर्मिनल एका मोठ्या कॉम्प्युटरला जोडायचे होते आणि मध्ये समुद्र! म्हणून त्यांनी रेडिओ वापरला. सगळ्या टर्मिनलना बोलायला एकच फ्रिक्वेन्सी. ज्याला बोलायचंय त्याने सरळ बोलायचं. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही वाया जाणार. मग प्रत्येकाने आपापल्या मनाने थोडा वेळ थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. या नेटवर्कचं नाव अलोहानेट.

दुसरी गोष्ट आपल्या जुन्नर तालुक्यातली. नारायणगावजवळ आर्वीला त्याच १९७१ मध्ये 'विक्रम' हे उपग्रह दळणवळण केंद्र सुरू झालं. परदेशी टेलिफोन आणि टेलेक्सची वाहतूक उपग्रहामार्गे न्यायला. इथेही माध्यम एकच, म्हणजे आकाश, आणि वापरणारे देश अनेक. पण वाटणीची पद्धत अगदी उलटी: ज्याची त्याची फ्रिक्वेन्सी आधीच ठरलेली. तुझा पट्टा हा, माझा पट्टा तो. कुणी कुणाच्या पट्ट्यात शिरायचं नाही.

सामायिक गोष्ट वाटून घ्यायच्या या दोन मूळ पद्धती. एक, ज्याला लागेल त्याने घ्या, भांडण झालं की थांबा आणि पुन्हा या. दोन, आधीच हिस्से पाडा. पहिलीत सोय आहे पण गोंधळ आहे. दुसरीत शिस्त आहे पण नासाडी आहे, कारण तुमच्या हिश्श्यात तुम्ही गप्प असलात तरी तो दुसऱ्याला मिळत नाही. अलोहाच्या पद्धतीत गणिताने कितीही ताणलं तरी चॅनेलचा जेमतेम १८ टक्के भाग कामी येतो, बाकी धडका आणि शांतता.

आपल्या भागातलं उदाहरण देतो. जत्रेत चार टोकांना चार कर्णे लावलेत. एकावर हरवलेल्या पोराची घोषणा, एकावर भजन, एकावर कुस्त्यांची नावं, एकावर पाळण्याची जाहिरात. मैदान एकच, हवा एकच. सगळे एकदम वाजले की कुणालाच काही कळत नाही. नेटवर्कच्या भाषेत याला कोलिजन म्हणतात.

आता पुढची पायरी. १९७३ च्या २२ मे रोजी झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी एक मेमो लिहिला. अलोहाचीच कल्पना, पण हवेऐवजी तारेत. एक जाड कोअॅक्स केबल इमारतीतून फिरवायची आणि सगळे कॉम्प्युटर तिलाच जोडायचे. सुधारणा अशी की बोलण्याआधी ऐकायचं, कुणी बोलत असेल तर थांबायचं, आणि बोलताना धडक झालेली कळली तर लगेच गप्प बसायचं. डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत त्यांनी हे उभं केलं. पहिल्या प्रयोगातला वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट.

नाव काय दिलं? इथरनेट. आणि हे नाव मला फार आवडतं. एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांना वाटायचं की प्रकाशाच्या लाटा वाहायला विश्वभर 'ईथर' नावाचं अदृश्य माध्यम पसरलेलं असणार. १८८७ साली मायकल्सन आणि मॉर्ले यांनी ते शोधायचा प्रयोग केला, काहीच सापडलं नाही, आणि पुढे ती कल्पना निकालात निघाली. म्हणजे भौतिकशास्त्राने टाकून दिलेला शब्द मेटकाफ यांनी उचलला आणि तारेला चिकटवला. सगळीकडे पोचणारं, सगळ्यांचं मिळून एकच माध्यम... म्हणून ईथर.

पण 'सगळ्यांचं मिळून एकच' हेच पुढे डोकेदुखी झालं.

१९८० मध्ये डेक, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून १० मेगाबिटचं इथरनेट जाहीर केलं, १९८३ मध्ये आयट्रिपलईने त्याला ८०२.३ या नावाने मानक केलं. दहा मेगाबिट त्या काळी प्रचंड वाटायचे. पण ते सगळ्यांत मिळून दहा होते. वीस मशीन असताना मजा, दोनशे झाली की जत्रा. म्हणून तारेचे तुकडे करून मध्ये ब्रिज बसवायला लागले. ब्रिज म्हणजे दोन तारांच्या मध्ये बसलेला शहाणा वॉचमन. कोणता पत्ता कोणत्या बाजूला आहे हे तो बघून बघून शिकतो, आणि पलीकडे जायची गरज नसलेलं पाकीट पलीकडे जाऊच देत नाही. असे ब्रिज गोलात जोडले गेले तर पाकिटं कायमची फिरत राहतील. त्यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, डेकमधल्या राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये काढला.

१९९० मध्ये कल्पना नावाच्या कंपनीने सात पोर्टचा इथरस्विच बाजारात आणला. होय, कल्पनाच! विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक, आणि नाव भारद्वाजांच्या पत्नीचं. स्विच म्हणजे अनेक तोंडांचा वेगवान ब्रिज. प्रत्येक मशीनला आपली स्वतंत्र तार मिळाली, आणि हळूहळू धडकांचा प्रश्नच संपला. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली.

मग झालं ना सगळं? नाही. खरी गोम इथेच आहे.

धडका संपल्या, पण आरोळ्या संपल्या नाहीत. इथरनेटवर काही पाकिटं कुणा एकासाठी नसतात, सगळ्यांसाठी असतात. "हा आयपी पत्ता कुणाचा रे?" असं मशीन सगळ्या नेटवर्कला ओरडून विचारतं, तो एआरपी, १९८२ पासूनचा. "मला कुणी पत्ता देतं का?" ही दुसरी आरोळी. अशा ब्रॉडकास्टला स्विच अडवू शकत नाही, त्याला ती सगळ्या पोर्टांवर सोडावीच लागते. आणि प्रत्येक मशीनला ती हातातलं काम सोडून ऐकावी लागते.

साधा हिशोब करू. समजा ३०० मशीन आहेत आणि प्रत्येक मिनिटाला १० आरोळ्या मारतं. म्हणजे मिनिटाला ३,०००, सेकंदाला ५०, आणि प्रत्येक मशीनला या सगळ्या ऐकायच्या. आता याच मशीनचे पन्नास-पन्नासचे सहा गट पाडा. प्रत्येकाला सेकंदाला आठच्या आसपास आरोळ्या ऐकाव्या लागतील. केबल बदलली नाही, वेग वाढवला नाही, फक्त कुणी कुणाचं ऐकायचं ते ठरवलं.

गट पाडायचे कसे? मध्ये राउटर बसवून पाडता येतात. पण तेव्हाचे राउटर महाग आणि स्विचच्या मानाने मंद. शिवाय अकाउंट्सचे चार लोक तिसऱ्या मजल्यावर, दोन तळमजल्यावर, एक पलीकडच्या इमारतीत. प्रत्येक खात्याला वेगळा स्विच आणि वेगळी तार टाकायची, आणि कुणाचं टेबल हललं की पुन्हा भिंत फोडायची?

याचं उत्तर डेव्हिड सिंकॉस्की यांच्या कामातून आलं. इथरनेटवरून आवाज पाठवायचे प्रयोग करून ते १९८४ च्या सुमारास बेलकोरला आले. टेलिफोन कंपन्यांची ही संशोधन संस्था. त्यांच्यापुढचा प्रश्न असा: टेलिफोनच्या जाळ्यात प्रत्येक जोडणी हळू असते, पण जाळं अवाढव्य वाढवता येतं, इथरनेट वेगवान आहे, पण वाढवायला गेलं की गुदमरतं. मग इथरनेट वाढवायचं कसं? उत्तर दिसायला अगदी साधं. प्रत्येक पाकिटावर एक खूण लावा. लाल, हिरवी, निळी अशा रंगांसारखी. ज्या स्विचला जो रंग चालेल तेवढाच त्याने पुढे न्यावा. तार एकच, पण लाल पाकिटांचं जग वेगळं, निळ्यांचं वेगळं. चेस कॉटन यांच्यासोबतचा त्यांचा यावरचा पेपर १९८८ चा.

मधल्या काळात कंपन्यांनी आपापल्या खुणा काढल्या, सिस्कोची आयएसएल त्यातलीच एक. अखेर १९९८ मध्ये आयट्रिपलईचं ८०२.१क्यू आलं आणि सगळ्यांची खूण एक झाली. ही खूण फक्त चार बाइटची आहे. पहिले १६ बिट सांगतात की "पुढे खूण आहे", तीन बिट प्राधान्यासाठी, एक बिट गर्दीत कुणाला आधी टाकून द्यायचं त्यासाठी, आणि उरलेले १२ बिट म्हणजे व्हीलॅनचा नंबर. १२ बिटांत ४,०९६ नंबर बसतात, पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून वापरायला ४,०९४. या चार बाइटसाठी इथरनेटच्या पाकिटाची कमाल लांबी १,५१८ वरून १,५२२ करावी लागली, तेही १९९८ मध्येच.

तुमच्या पीसीला यातलं काहीच माहीत नसतं. त्याची तार ज्या पोर्टला येते, तो पोर्ट ठरवतो की हे पाकीट दहा नंबरचं. दोन स्विचच्या मधल्या तारेत, जिला ट्रंक म्हणतात, सगळ्या नंबरांची पाकिटं खुणा लावून एकत्र धावतात. पलीकडे पोचलं की खूण काढली जाते. टेबल तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर आलं तर भिंत फोडायची नाही, पोर्टचा नंबर बदलायचा. बस.

आता पाणी. कुकडी प्रकल्पात पाच धरणं आहेत. माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे जुन्नर तालुक्यात, डिंभे आंबेगावात घोड नदीवर. डिंभ्याचं पाणी डाव्या कालव्याने येडगावला येतं आणि येडगावचा कालवा पार करमाळ्यापर्यंत जातो. म्हणजे ही आपली ट्रंक! एकाच कालव्यातून आंबेगावचं पाणी, जुन्नरचं पाणी, आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याच्या वाट्याचं पाणी. पाण्यावर रंग नसतो, पण आवर्तनाचं वेळापत्रक आणि चाऱ्यांची दारं मिळून ती खूण तयार करतात.

आणि हे उदाहरण मला का आवडतं ते सांगतो. व्हीलॅनबद्दल दोन मोठे गैरसमज आहेत आणि दोन्ही कालव्यावर उभं राहिलं की दूर होतात.

पहिला गैरसमज, व्हीलॅन केलं की वेग वाढतो. नाही हो. वेळापत्रक केल्याने धरणात थेंबभरही जास्त पाणी येत नाही. फक्त वाया जाणारं थांबतं. ट्रंकची क्षमता एक गिगाबिट असेल तर दहा व्हीलॅननी मिळून तेवढीच वापरायची. एकाने सगळी ओढली तर बाकीचे तहानलेलेच. त्यासाठी ते तीन बिट प्राधान्याचे.

दुसरा गैरसमज जास्त धोक्याचा. व्हीलॅन म्हणजे भिंत, म्हणजे सुरक्षा. व्हीलॅन ही भिंत नाही, ती सगळ्यांनी मान्य केलेली खूण आहे. वरच्या गावांनी रात्री मोटारी टाकल्या तर टेलच्या शेतकऱ्याच्या हातात वेळापत्रकाचा कागद तेवढा राहतो. इथेही तसंच. पाकिटावर मुद्दाम एकावर एक दोन खुणा लावायच्या, पहिला स्विच वरची काढतो, दुसरा आतली वाचतो, आणि पाकीट नको त्या व्हीलॅनमध्ये जाऊन पडतं. ट्रंकवर बिनखुणेचा व्हीलॅन ढिला सोडला की हे जमतं. खुणेत कुलूप नाही, एन्क्रिप्शन नाही. ज्याच्या हातात स्विच, त्याच्या हातात सगळ्या व्हीलॅन. एका ओळखीच्या ऑफिसात सीसीटीव्ही, पगाराचा सर्व्हर आणि पाहुण्यांचं वायफाय "वेगळ्या व्हीलॅनमध्ये आहे ना, मग झालं" म्हणून निवांत ठेवलेलं मी पाहिलंय. मध्ये नियम एकही नाही, सगळ्यांचा राउटर एक, आणि तो कुणालाही कुठेही सोडतोय. कागदावर तीन घरं, प्रत्यक्षात एकच ओसरी.

आता आकाशाकडे येतो.

जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. प्रा. गोविंद स्वरूप यांनी कल्पिलेली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मधल्या एक किलोमीटरच्या चौकात आणि १६ इंग्रजी वायच्या आकारातल्या तीन बाहूंवर, एकूण पसारा २५ किलोमीटरचा. ऑक्टोबर २००१ मध्ये ती जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली झाली. जागा निवडायचं एक मोठं कारण होतं शांतता. डोंगरांचा आडोसा आणि तेव्हाचा कमी रेडिओ गोंगाट.

प्रत्येक डिशचा सिग्नल ऑप्टिकल फायबरमधून मधल्या इमारतीत येतो. गेल्या दशकात दुर्बीण अपग्रेड झाली, आणि एका वेळी ऐकायचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० वर गेला. त्यासाठी त्याच फायबरमध्ये प्रकाशाचे वेगवेगळे रंग वापरले गेले. प्रत्येक रंगावर वेगळा सिग्नल. सिंकॉस्कींनी रंग ही उपमा म्हणून वापरली होती, इथे ते खरोखरचे रंग आहेत!

आकडा काढून बघितला. ४०० मेगाहर्ट्झसाठी सेकंदाला निदान ८० कोटी नमुने. प्रत्येकी ८ बिट धरले तर ६.४ गिगाबिट. प्रत्येक डिशचे दोन सिग्नल, ३० डिश, म्हणजे ६० धारा: ३८४ गिगाबिट दर सेकंदाला. मधल्या इमारतीत या धारा गणकयंत्रांपर्यंत न्यायचं बरंचसं काम १० गिगाबिट इथरनेट करतं. असा लोंढा आणि "प्रिंटर कुठाय?" ही आरोळी एकाच घरात का ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको.

पण गंमत पुढेच आहे. तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट इथरनेट १२५ मेगाहर्ट्झच्या ठेक्यावर चालतं. आणि अपग्रेडनंतरच्या जीएमआरटीचा एक पट्टा आहे साधारण १२० ते २५० मेगाहर्ट्झ. म्हणजे तुमच्या टेबलाखालचा स्विच दुर्बिणीच्या कानाजवळ पुटपुटतोच. फायबर तसं पुटपुटत नाही, आणि उपकरणं धातूच्या पेटीत बंद करावी लागतात.

आवाज किती नाजूक? चंद्रावर एक चालू मोबाईल ठेवला तर? ०.२ वॉट, २०० किलोहर्ट्झचा पट्टा धरून हिशोब केला, उत्तर आलं साधारण ५० जान्स्की. आणि जीएमआरटी ज्या गोष्टी ऐकते त्यातल्या कित्येक एका जान्स्कीच्या हजाराव्या, लाखाव्या भागाएवढ्या. खोडदला विज्ञान दिनाला प्रदर्शन असतं तेव्हा मोबाईल बंद करायला सांगतात, तो उगाच कडक नियम नाही.

मग तुम्ही म्हणाल, आर्वीसारखं करा ना. दुर्बिणीला एक पट्टा द्या राखून. दिलेला आहे. हायड्रोजनची रेषा १,४२० मेगाहर्ट्झला असते, तिच्या आसपासचा १,४०० ते १,४२७ चा पट्टा जगभर राखीव आहे. पण विश्व पसरतंय. दूरच्या दीर्घिकेतली तीच रेषा ताणली जाऊन आपल्यापर्यंत ७१० मेगाहर्ट्झला पोचू शकते, त्याहून दूरची आणखी खाली. आणि ७०० च्या पट्ट्यात? तो २०२२ च्या लिलावात मोबाईलसाठी विकला गेला. दीर्घिकेला स्पेक्ट्रमचा लिलाव माहीत नाही.

इथे व्हीलॅन चालत नाही. तारेत धावणाऱ्या पाकिटावर खूण लावता येते, कारण दोन्ही टोकांचे स्विच आपले असतात आणि दोघांनी खूण मान्य केलेली असते. आकाशातून येणाऱ्या लाटेवर खूण लावायला पलीकडच्या टोकाला कुणी बसलेलं नाही. तिथे ईथर अजून १९७१ सारखाच सगळ्यांचा मिळून एक आहे, आणि एकच उपाय उरतो: बाकीच्यांनी गप्प बसायचं.

गप्प बसण्याची किंमत असते आणि ती जुन्नर, आंबेगाव, खेडचे लोक मोजतात. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा मार्ग जीएमआरटीमुळे अडला, मार्ग बदलावा लागेल असं रेल्वे मंत्रालयाने सांगितलं, आणि या भागात त्यावर नाराजी आहे. मला दोन्ही बाजू कळतात. टोमॅटो घेऊन नारायणगावच्या मार्केटला येणाऱ्याला सातशे कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचं काय? आणि दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, ३० डिश आहेत त्या.

पण नेटवर्कवाल्याच्या नजरेतून एक सांगतो. "एकाच ठिकाणी दोन्ही नांदू शकत नाहीत" हे वाक्य आमच्याकडेही १९८० च्या दशकात लोक म्हणायचे. ते खोटं ठरलं, पण नुसत्या इच्छेने नाही. कुणीतरी बसून नेमकं मोजलं की गोंगाट कुठून येतो, किती येतो, आणि तो कोणत्या जागी अडवता येतो. रेल्वेच्या वादातही मला तेवढंच बघायचंय: किती मेगाहर्ट्झला, किती अंतरावरून, किती आवाज, आणि शिल्डिंग करून तो किती खाली येतो. ते आकडे साध्या मराठीत नारायणगावच्या आणि मंचरच्या लोकांपुढे मांडले गेले, तर मग मार्ग इकडून जावो की तिकडून, निदान कशासाठी ते लोकांना कळेल.

असो. लांबलं जरा. सोमवारी ऑफिसला गेलात की तुमच्या नेटवर्कवाल्याला विचारा, पाहुण्यांचं वायफाय आणि पगाराचा सर्व्हर यांच्या मध्ये नुसता नंबर आहे की नियमही आहे? तो दोन सेकंद जास्त गप्प बसला, तर समजा चहा पाजून नीट विचारायची वेळ आली आहे.